कंस सोडवले की इतकी नेटकी संख्या का येते? (रूट सिस्टिम, सममित बहुपदी आणि माझी एक्सेल शीट)

लॉगटेबल | शनिवार, रात्री १०.४०

मंडळी, दिवाळीला भाचा आला होता. जाताना फ्रिजवर चिठ्ठी लावून गेला: "मामा, वेळ जात नाही म्हणता ना, हे करा." चिठ्ठीवर एवढंच होतं:

क्ष, य, ज्ञ ही तीन अक्षरं घ्या. प्रत्येक जोडीचे दोन कंस करा, (१ − क्ष/य) आणि (१ − य/क्ष). असे सहा कंस होतात. सगळ्यांचा गुणाकार करा आणि ज्यात एकही अक्षर उरत नाही ते पद, म्हणजे स्थिरपद, शोधा. मग प्रत्येक कंसाचा वर्ग करून तेच, मग घन करून तेच.

मी १९८१ चा बी.एस्सी. फिजिक्स, पुढची पस्तीस वर्षं चिंचवडच्या एका कारखान्यात हीट ट्रीटमेंट. हाताने दमलो, म्हणून एक्सेल उघडलं. उत्तरं आली ६, ९०, १६८०. दोनच अक्षरं घेतली तर २, ६, २०.

२, ६, २० ओळखीचे आहेत, पास्कलच्या त्रिकोणातला मधला खांब. ६, ९०, १६८० बघून मात्र मी खुर्चीतून उठलो. ६! भागिले (२!)^३ बरोबर ९०. ९! भागिले (३!)^३ बरोबर १६८०. शेकडो पदं, अधिक-उणे एकमेकांना खातात, आणि तळाला हे? भाच्याला फोन केला तर म्हणतो, "रूट सिस्टिम वाचा," आणि बसमध्ये आहे म्हणून ठेवून दिला.

कुणी समजावेल का? लिंक देऊ नका, लिंका माझ्याकडे आहेत.

सदाशिवपेठी | शनिवार, रात्री ११.०५

क्ष, य, ज्ञ! डोळे पाणावले. आमच्या बीजगणिताच्या मास्तरांनंतर ही अक्षरं आज दिसली. उत्तर माहीत नाही, पण धागा वाचनखुणेत टाकला आहे.

पाषाणकर | रविवार, पहाटे १.२०

काका, भाच्याने चिठ्ठी चांगली निवडली आहे. मी याच भागात पीएच.डी. करतोय, त्यामुळे थोडं लांबेल.

तुम्हाला जे दिसलं ते फ्रीमन डायसन या भौतिकशास्त्रज्ञाने १९६२ मध्ये अंदाज म्हणून मांडलं. तो अणुकेंद्रातल्या ऊर्जापातळ्यांचा हिशेब करत होता, बहुपदींच्या मागे लागलेला नव्हता. न अक्षरं आणि प्रत्येक कंसाचा घात क असेल तर स्थिरपद (नक)! भागिले (क!)^न. त्याच वर्षी गन्सन आणि विल्सन या दोघांनी वेगवेगळ्या सिद्धता दिल्या. हा विल्सन म्हणजे केनेथ विल्सन, १९८२ चं भौतिकशास्त्राचं नोबेल ज्याला मिळालं तोच. १९७० मध्ये आय. जे. गुड यांनी लाग्रांजच्या इंटरपोलेशनमधली (दिलेल्या बिंदूंतून जाणारी बहुपदी काढायच्या रीतीतली) एक ओळ घेऊन सगळं एका पानात संपवलं.

म्हणजे "खरं आहे का" हा प्रश्न तेव्हाच मिटला. तुम्ही विचारताय तो "का" मात्र पुढे पस्तीस वर्षं पुरला, आणि तिथेच रूट सिस्टिम येते. १९८२ मध्ये इयन मॅकडोनाल्ड हे गणितज्ञ म्हणाले की (नक)! हे सूत्र मुळात चुकीच्या वेषात लिहिलंय. तीन अक्षरांसाठी ते असं लिहा: २क मधून क निवडायच्या रीती गुणिले ३क मधून क निवडायच्या रीती. क=२ ला ६ × १५ = ९०. जुळलं?

आता विचारा, हे २ आणि ३ कुठून आले.

लॉगटेबल | रविवार, सकाळी ७.१०

विचारलं. आणि "रूट" म्हणजे समीकरणाचं मूळ की झाडाचं? दोन्हीचा इथे काही संबंध दिसत नाही.

पाषाणकर | रविवार, सकाळी ११.३०

नाव समीकरणावरूनच पडलं. १८८८ च्या सुमाराला किलिंग ली अल्जेब्रांचं (सलग फिरवण्यासारख्या सममितींच्या बीजगणिताचं) वर्गीकरण करत होता. त्यात प्रत्येक घटकाचं एक समीकरण निघतं आणि त्याची मुळं म्हणजे ही रूट्स. पुढे कार्तानने १८९४ मध्ये ते काम नीट केलं. आज आपण समीकरण विसरून फक्त चित्र ठेवलंय. काही बाण एका बिंदूतून निघतात, प्रत्येक बाणाला काटकोनात एक आरसा उभा करायचा, आणि कुठल्याही आरशात पाहिलं तरी बाणांचा संच तोच दिसला पाहिजे. शिवाय बाणांच्या लांब्या आणि कोन असे हवेत की सगळं एका जाळीवर बसेल. चित्र काढता येत नाही इथे, तीच अडचण आहे.

ठिपका | रविवार, दुपारी ३.४५

चित्र मी देते. मी गणितातली नाही, पण रांगोळ्यांचे वर्ग घेते आणि हा धागा सकाळपासून वाचतेय.

"१५ ते ८" ठिपक्यांची रांगोळी सगळ्यांना माहीत असेल. मधली ओळ १५ ठिपक्यांची, वर-खाली एकेक कमी होत कडेला ८. दोन ठिपक्यांच्या बरोबर मध्ये वरचा ठिपका येतो, म्हणून षटकोन तयार होतो. एकूण ठिपके १६९. त्यातला कुठलाही आतला ठिपका धरा, त्याला सारख्या अंतरावर सहा शेजारी असतात. पाषाणकर, तुमचे बाण म्हणजे हे सहा शेजारी का? कारण क्ष/य, य/क्ष, य/ज्ञ... मोजले तर सहाच भरतात.

पाषाणकर | रविवार, दुपारी ४.२०

ठिपका ताई, तंतोतंत. याला ए-२ म्हणतात. मी दोन वर्षं लोकांना "त्रिकोणी जाळी" म्हणून सांगतोय, "१५ ते ८" सुचलं नाही.

आता काकांचा गुणाकार रांगोळीवरच करू. मधल्या ठिपक्यावर उभे राहा. प्रत्येक कंस दोन पर्याय देतो. १ घेतला तर जागेवर थांबा, −क्ष/य घेतलं तर त्या दिशेच्या शेजाऱ्यावर जा आणि चिन्ह उलटं करा. सहा दिशा, प्रत्येक दिशा फार तर एकदा. स्थिरपद म्हणजे फिरून पुन्हा मधल्या ठिपक्यावर येण्याच्या रीती, चिन्हासकट.

कुठेच न जाणं: +१. समोरासमोरच्या दोन दिशा: अशा ३ जोड्या, +३. एकाआड एक तीन दिशा: २ त्रिकूटं, चिन्ह उणे, −२. चार दिशांनी परत येणं म्हणजे एक समोरासमोरची जोडी गाळणं: +३. पाचांनी येता येत नाही. सहाही घेतल्या: +१.

१ + ३ − २ + ३ + १ = ६.

लॉगटेबल | रविवार, सायंकाळी ६.००

अहाहा. हे मी बायकोला रांगोळीवर खडे ठेवून दाखवलं. "हे आधी सांगितलं असतं तर एक्सेल लागलं नसतं," म्हणाली.

माझी शीट पण हेच करत होती की! प्रत्येक सेल म्हणजे ठिपका. एका कंसाने गुणायचं म्हणजे अख्खी शीट एक घर सरकवायची आणि मूळ शीटमधून वजा करायची. पण २ आणि ३ चं काय झालं?

पाषाणकर | रविवार, रात्री ११.५०

आरशात न बदलणाऱ्या बहुपदी शोधा. तीन अक्षरांच्या अदलाबदलीने जी बदलत नाही ती सममित बहुपदी. तिघांची बेरीज शून्य धरली (जाळी सपाट आहे, म्हणून धरावीच लागते), तर बाकी सगळ्या सममित बहुपदी दोनांपासून बनतात, एक २ घाताची आणि एक ३ घाताची. हेच ते २ आणि ३. त्यांचा गुणाकार ६, तेवढ्याच रीतींनी या बाणांचे तीन आरसे आकृती स्वतःवर बसवतात. क=१ ला स्थिरपद नेहमी हीच संख्या येते.

मॅकडोनाल्डचा अंदाज असा: कुठलीही रूट सिस्टिम घ्या, तिच्या प्रत्येक बाणाचा कंस करा, घात क ठेवा. स्थिरपद म्हणजे त्या मूळ घातांनी बनलेल्या निवडींचा गुणाकार. चौरस जाळीवरच्या बी-२ चे घात २ आणि ४. काका, करून बघा. क=२ ला ४ मधून २ निवडायच्या रीती गुणिले ८ मधून २ निवडायच्या रीती, म्हणजे ६ × २८ = १६८ यायला हवेत.

लॉगटेबल | सोमवार, रात्री ९.१५

येत नाही. चौरस जाळी, चार तिरपे बाण: क्षय, १/क्षय, क्ष/य, य/क्ष. क=२ ला ३६ येतात. तीनदा केलं. मॅकडोनाल्डसाहेब चुकले की मी?

सदाशिवपेठी | सोमवार, रात्री ९.३०

या पेठेत तरी साहेबच चुकले असं आम्ही धरतो.

ठिपका | सोमवार, रात्री ९.५०

काका, चौकोनी ठिपक्यांत शेजारी आठ असतात. तिरपे चार झाले, सरळ चार कुठे गेले?

लॉगटेबल | सोमवार, रात्री १०.४०

गेले खरे! क्ष, १/क्ष, य, १/य हे चार कंस विसरलो. आता १६८ आले. माफी, साहेब.

पाषाणकर | मंगळवार, सकाळी ८.००

तुमचे ३६ पण वाया गेले नाहीत. नुसते चार तिरपे बाण म्हणजे एकमेकांशी काटकोनात असलेल्या दोन स्वतंत्र जोड्या. प्रत्येकीचं उत्तर ६, आणि ६ × ६ = ३६. तुम्ही वेगळ्याच रूट सिस्टिमचं बरोबर उत्तर काढलंत. सरळ बाण आले की क्ष च्या जागी १/क्ष टाकणारा आरसा येतो, "सममित"चा अर्थच बदलतो, आणि घात २, २ चे २, ४ होतात.

उसाचा_रस | मंगळवार, दुपारी १.१०

छान चाललंय, पण शीर्षकात बहुपदी आहेत आणि धाग्यात नुसत्या संख्या. बहुपदी कुठाय? आणि लंबकोनाचं काहीतरी असतं ना यात?

पाषाणकर | मंगळवार, रात्री ११.१५

बरोबर पकडलंत. स्थिरपद ही फक्त पहिली पायरी. काकांनी बी.एस्सी.ला लजांद्रच्या बहुपदी केल्या असतील. तिथे दोन वेगवेगळ्या बहुपदींचा गुणाकार करून −१ ते १ इंटिग्रेट केलं की शून्य येतं, तेच "लंब". इथे इंटिग्रेशनऐवजी स्थिरपद घ्यायचं. दोन सममित बहुपदी घ्या, एकीत अक्षरं उलटी करा (क्ष चं १/क्ष), त्यांना काकांच्या कंसांच्या गुणाकाराने गुणा आणि स्थिरपद काढा. शून्य आलं तर त्या परस्परलंब.

आता एकच उदाहरण, पण नीट बघा. वर्गांची बेरीज (क्ष^२ + य^२) आणि जोडीचा गुणाकार (क्षय) यांना असं जोडा:

क्ष^२ + य^२ + [२क / (क+१)] × क्षय

हे हेन्री जॅकच्या बहुपदींमधलं सर्वांत साधं. जॅक स्कॉटलंडमधल्या डंडीचे, पेपर १९७० चा. क=० ठेवलं तर नुसती वर्गांची बेरीज. क=१ ठेवलं तर क्ष^२ + य^२ + क्षय, ही शूर बहुपदी. इसाई शूरने १९०१ च्या प्रबंधात या बहुपदींचा संबंध मॅट्रिक्स ग्रुपच्या कॅरेक्टरशी (ग्रुपच्या प्रत्येक घटकाला एक संख्या देणाऱ्या फलांशी) जोडला.

आता क = १/२ ठेवा, आणि क्षय = १ धरा, म्हणजे दोघं एकमेकांचे उलट, क्ष + १/क्ष = २ कॉस थीटा. काका, तुम्ही करा.

लॉगटेबल | बुधवार, सकाळी ६.३०

क्ष^२ + य^२ = २ कॉस २थीटा = ४ कॉस^२ − २. त्यात २/३ मिळवले: ४ कॉस^२ − ४/३. म्हणजे ४/३ × (३ कॉस^२ − १).

अरे! ३ कॉस^२ − १ हा लजांद्रचा दुसरा! १९८० मध्ये पाठ केला होता, आजही झोपेत म्हणेन. हा इथे काय करतोय?

पाषाणकर | बुधवार, सकाळी १०.००

तो इथलाच आहे. एका आरशाची, दोनच बाणांची रूट सिस्टिम, ए-१: तिच्यासाठी क=० ला कॉस नथीटा मिळतात, क=१/२ ला लजांद्र, क=१ ला दुसऱ्या प्रकारच्या चेबिशेव्ह. तुम्ही ज्यांना वेगवेगळे धडे म्हणून शिकलात ते एकाच बटणाचे, म्हणजे क चे, तीन आकडे. हेक्मन आणि ऑप्डम यांनी १९८७ च्या सुमाराला कुठल्याही रूट सिस्टिमसाठी असं कुटुंब उभं केलं, आणि ऑप्डमने १९८९ मध्ये त्यातूनच मॅकडोनाल्डचा स्थिरपदाचा अंदाज एका फटक्यात सगळ्यांसाठी सिद्ध केला. त्याआधी लोक एकेक रूट सिस्टिम हाताने धरत होते.

उसाचा_रस | बुधवार, दुपारी १२.४०

म्हणजे एकेक घेऊन आधीच्यांना लंब करत जायची तीच ग्रॅम-श्मिट प्रक्रिया, फक्त आरसे वेगळे. यात मोठं काय?

पाषाणकर | बुधवार, रात्री १०.३०

तुम्ही अगदी मर्मावर बोट ठेवलंत. ग्रॅम-श्मिटला रांग लागते: पहिला कोण, दुसरा कोण. इथे रांग अर्धवट असते. लग्नात मानाचे आहेर देताना आजोबा काकांच्या आधी हे ठरलेलं असतं, पण नवऱ्याची आत्या आधी की नवरीचे मावसासासरे, याला उत्तर नसतं. बहुपदींतही तसंच. ६ घातापर्यंत आलात की (४,१,१) आणि (३,३), म्हणजे अक्षरांचे घात ४, १, १ असलेलं पद आणि ३, ३ असलेलं पद, यांत मोठं कोण हे ठरत नाही.

आता कुठलीही एक रांग लावून ग्रॅम-श्मिट केलं तर उत्तर त्या रांगेवर अवलंबून राहायला हवं. इथे राहत नाही. आत्या आधी घ्या की मावसासासरे, बहुपदी तीच येते, आणि तुलना न होणारे दोघंही आपोआप परस्परलंब निघतात. ही गोष्ट फुकट मिळत नाही. त्यामागे एक ऑपरेटर (बहुपदीवर करायची एक क्रिया) असतो, या सगळ्या बहुपदी त्याच्या आयगनफंक्शन असतात (क्रिया केली की नुसत्या एका संख्येने गुणल्या जातात, ती आयगनव्हॅल्यू) आणि आयगनव्हॅल्यू वेगवेगळ्या असतात, म्हणून. मॅकडोनाल्डचं खरं काम हा ऑपरेटर शोधण्यात आहे, असं माझं मत. सूत्रं सगळे उद्धृत करतात, ऑपरेटरकडे कुणी बघत नाही.

ठिपका | गुरुवार, सकाळी ९.२०

मावसासासऱ्यांमुळे कळलं. बाकी ऑपरेटर वगैरे डोक्यावरून. पण मला एक सांगा, पाच पाकळ्यांची रांगोळी ठिपक्यांवर कधीच नीट बसत नाही, ती हातानेच काढावी लागते. त्याचा याच्याशी संबंध आहे का?

पाषाणकर | गुरुवार, सकाळी ९.४०

आहे! जाळीवर फक्त २, ३, ४ आणि ६ घड्यांची सममिती बसते, पाचाची नाही. म्हणूनच सपाट रूट सिस्टिम मोजक्याच. षटकोन, चौकोन, दोन सुट्या जोड्या, आणि जी-२, ज्यात षटकोनाच्या सहा बाणांच्या मध्ये सहा लांब बाण येतात. आकाशकंदिलाच्या चांदणीची टोकं.

लॉगटेबल | गुरुवार, रात्री ८.००

चिठ्ठीच्या मागच्या बाजूला भाच्याने "क्यू, टी" लिहून प्रश्नचिन्ह काढलंय. ते काय?

पाषाणकर | शुक्रवार, रात्री १२.४५

ती मॅकडोनाल्डची पुढची उडी, १९८७-८८ ची. एक बटण पुरेना म्हणून दोन ठेवली. वरच्या उदाहरणात क्षय चा गुणक असा होतो:

(१ + क्यू)(१ − टी) / (१ − क्यू × टी)

क्यू = टी ठेवा, १ येतो: शूर. क्यू = ० ठेवा, १ − टी येतो: हॉल-लिटलवूड, जे फिलिप हॉलच्या सांत ग्रुपच्या हिशेबातून आले. टी = १ ठेवा, शून्य. टी = क्यू^क धरून क्यू ला १ कडे न्या, २क/(क+१) येतो, म्हणजे जॅक. सगळं खानदान एकाच वाड्यात.

हॉल-लिटलवूडचा धागा आपल्याकडेही येतो. पी-ॲडिक ग्रुपवरच्या (एका मूळसंख्येवर आधारलेल्या संख्यांच्या मॅट्रिक्सवरच्या) गोलीय फलांचं मॅकडोनाल्डचं टिपण १९७१ मध्ये मद्रासच्या रामानुजन इन्स्टिट्यूटने छापलं, आणि ती फलं म्हणजेच हॉल-लिटलवूड. गोलीय फलांची वास्तव बाजू आपले गणितज्ञ हरीशचंद्र यांची. जॅक आणि हॉल-लिटलवूड या दोन दूरच्या टोकांना एकाच छपराखाली आणायचं मॅकडोनाल्डना सुचलं, याला ही पार्श्वभूमी आहे, असं मला तरी वाटतं.

आणि ए-१ साठी क्यू-वालं रूप आधीपासून होतं: एल. जे. रॉजर्सच्या बहुपदी, १८९० च्या दशकातल्या. तेच रॉजर्स, ज्यांची दोन समीकरणं रामानुजनने स्वतंत्रपणे शोधली आणि १९१७ मध्ये जुनी नियतकालिकं चाळताना त्यांचा १८९४ चा पेपर पाहून थक्क झाले.

सदाशिवपेठी | शुक्रवार, सकाळी ७.४५

याच्यासाठी वाचनखूण ठेवली होती. यंग टॅब्लोंचा (चौकटींत चढत्या क्रमाने आकडे भरलेल्या तक्त्यांचा) उल्लेख झाला नाही अजून. गणितज्ञ श्रीराम अभ्यंकर सर त्यात बरीच वर्षं रमले होते, त्यांचं १९८८ चं जाडजूड पुस्तक त्यावरच आहे. पुण्यात दामले पथावर त्यांनी १९७६ मध्ये काढलेल्या भास्कराचार्य प्रतिष्ठानात ते मी चाळलं होतं. चाळलं म्हणजे हातात धरलं होतं.

उसाचा_रस | शुक्रवार, दुपारी २.००

नेहमीचा प्रश्न विचारून घेतो. उपयोग काय?

लॉगटेबल | शुक्रवार, दुपारी २.२५

रसवाले, मला गेल्या आठवड्यात झोप लागली नाही, एवढा उपयोग पुरे नाही का?

पाषाणकर | शुक्रवार, सायंकाळी ७.००

डायसनचा संदर्भ आठवा. वर्तुळावर कण ठेवलेत आणि ते एकमेकांना ढकलतात. रिकाम्या बसमध्ये अनोळखी माणसं जशी लांब लांब बसतात, तसे. किती जोराने ढकलतात ते क ठरवतो: १/२, १ आणि २ या तीन किमती डायसनच्या तीन प्रकारच्या रँडम मॅट्रिक्सच्या (यदृच्छेने आकडे भरलेल्या मॅट्रिक्सच्या). १९७१ मध्ये सदरलँडने असंच एक क्वांटम मॉडेल सोडवलं. त्यातल्या तरंगफलांमध्ये जॅकच्या बहुपदी बसलेल्या असतात. भिंत असलेली आवृत्ती हवी, म्हणजे कण स्वतःच्या आरशातल्या प्रतिमेलाही ढकलतो, तर बी-२ सारखी बी आणि सी कुळं येतात. त्या कुळांत १९९२ मध्ये कॉर्नविंडर यांनी क्यू धरून सहा बटणांचं कुटुंब दिलं. एकाच चलासाठी ते आस्की-विल्सन बहुपदींचं कुटुंब होतं. त्याबद्दल लिहायचं तर दुसरा धागा काढावा लागेल.

क्यू-टी वाले अंदाज सगळ्या रूट सिस्टिमसाठी एकत्र चेरेडनिकने १९९५ मध्ये सोडवले, डबल अफाईन हेके अल्जेब्रा नावाचं यंत्र बांधून. त्यात चल आणि निर्देशांक आपापल्या जागा बदलू शकतात. बहुपदीत काय घातलं आणि बहुपदी कितवी होती, हे दोन प्रश्न सारखेच ठरतात. माझा प्रबंध या वाक्यातल्या एका कोपऱ्यात अडकलाय, म्हणून इथेच थांबतो.

ठिपका | शुक्रवार, रात्री ९.००

काका, तुमच्या आकाशकंदिलाचं झालं का? जी-२?

लॉगटेबल | शनिवार, रात्री ११.३०

झालं. घात २ आणि ६, बारा कंस, प्रत्येकाचा वर्ग. क=१ ला १२ आधीच आले होते, आज ३९६ आले. सहा गुणिले सहासष्ट. एका सेलमध्ये आलेला तो आकडा मी पिवळा रंगवून ठेवलाय.

त्यानंतर हाव सुटली. यादीत पुढे एफ-४ दिसली: घात २, ६, ८, १२, आणि ४८ बाण. पण ती चार मितींत राहते आणि माझ्या शीटला मिती दोनच. शीटवर शीट, फाइलवर फाइल रचून पाहिली, लॅपटॉपचा पंखा पिठाच्या गिरणीसारखा वाजायला लागला. बायको म्हणाली, बंद करा.

पाषाणकर | शनिवार, रात्री ११.४०

काका, त्यासाठी एक्सेल नको, पायथॉन शिका, पंधरा ओळी लागतील. रविवारी फोन करतो. एफ-४ ला क=२ चं उत्तर सूत्राने १,३१,१५,...

लॉगटेबल | शनिवार, रात्री ११.४१

अरे थांब, पुढचे आकडे लिहू नकोस.